पायाळूची पाठ

मी पायाळू आहे. जन्मताना मूल डोक्याऐवजी पायानं बाहेर आलं की त्याला पायाळू म्हणतात, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण पळते, असा आमच्या सोलापुरात सगळ्यांचा भरवसा. लग्न होऊन या गल्लीत आले आणि पहिल्याच आठवड्यात शेजारची बाई दारात माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. "नव्या सूनबाई, तेवढा पाय लावा की. परवापास्नं वाकता येईना बघा."

मी लावला. तिची उसण गेली. मग काय, गल्लीत माझं नाव झालं. कुणी पाण्याची घागर उचलताना अवघडलं, कुणी माग चालवून ताठलं, की सकाळी सकाळी आमच्या उंबऱ्यावर पाठ करून बसलेलंच. मोठमोठे मिशाळ बाप्ये सुद्धा निमूटपणे माझी लाथ खाऊन, वर हात जोडून जायचे. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

एकच माणूस माझ्या पायाला कधी आलं नाही. माझी सासू, म्हणजे आत्ती. तिच्या पाठीत वर्षातनं चारदा तरी उसण भरायची, पण ती चुलीत वीट तापवून शेकत बसायची. "सुनेचा पाय सासूच्या पाठीला? शिव शिव शिव! हे पाप कुठं फेडू गं यव्वा?"

तर अशा या पायाळूच्या पाठीत एक दिवस दुखायला लागलं, त्याची ही हकीकत. ज्यांच्या पाठीत दुखतंय आणि घरचे 'कामानं दुखतंय' म्हणतायत, त्यांनी ही जरूर वाचावी. औषधांची नावं मला विचारू नका. ती मला तेव्हाही धड म्हणता येत नव्हती.

परातीत

आमचा धंदा कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा. पहाटेपासून थापायचं, भाजायचं, उखळात शेंगदाणे कुटायचे. असल्या बाईची पाठ दुखली तर नवल कसलं! मीही तेच म्हणायची. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर म्हणायची चुलीची धग लागली. चोळी सैल व्हायला लागली, तर मनातनं बरंच वाटलं.

पण दुखणं काही हटेना. आणि गंमत बघा, अख्ख्या गल्लीला पाय लावणारी मी, माझा पाय काही माझ्या पाठीला पोचेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी आत्तीनं मैंदर्गीला निरोप धाडला. तिचा भाचा बसप्पा पायाळू. तिथल्या बाजारात ज्वारीची पोती उचलायचा. त्याचा पाय म्हणजे पाय नव्हे, जेवायला बसायचा पाट.

बसप्पा आला, वाटीवर वाटी गव्हाची गोड हुग्गी खाल्ली, तूप मागून घेतलं, आणि मला उंबऱ्यावर बसवलं. समोर चटणीची परात पडलेली, ती हलवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. "शिवा!" म्हणून त्यानं जी लाथ घातली, ती मी थेट परातीत. डोळ्यात तिखट, नाकात लसूण, पाठीत आग. आत्ती म्हणाली, "झालं, गेली उसण." आमचे मालक तोंडावर उपरणं धरून हसत होते. मी त्या तिघांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत.

उसण गेली नाही. दोनतीन दिवसांनी मी बाजारातनं येत होते तर मागनं एक बाई ओरडली, "अवो बाई, पायात एकच चप्पल हाय की!" मी खाली बघितलं. खरंच, उजवा पाय उघडा. चप्पल कुठं तरी मागं राहिली होती आणि भर उन्हात तापलेल्या रस्त्यावरून मी अनवाणी चालत आले होते. मला पत्ताच नव्हता. तिथंच मी घाबरले. एवढी घाबरले की रस्त्यातच बसले, आणि परत उभं राहायला गेले तर दोन्ही पाय उठेनात.

फोटो

हाडाच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो काढला. उजेडाच्या काचेपुढं धरला आणि बोट ठेवलं. "हा मणका बघा. बाकीचे चौकोनी आहेत, हा दबलाय. हाडाचा क्षय."

"हाडाला क्षय?" मी म्हटलं. "क्षय छातीला होतो. हाड काय जिवंत असतंय व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. समजावून सांगायला बसले. मणके एकावर एक रचलेले असतात, प्रत्येक दोघांच्या मध्ये एक गादी, आणि मागं सगळ्यांना मिळून एक पोकळी. त्यातनं मेंदूपासून आलेली दोरी खाली जाते. ती पायांना हुकूम देते आणि पायांचं गाऱ्हाणं वर नेते. "परकराच्या नेफ्यातून नाडा जातो ना, तसं," ते म्हणाले. "तुमच्या मणक्यात पू झालाय, तो या नाड्याला दाबतोय."

बाई माणसाला याहून सोपं कुणी सांगितलं नसेल. मी लगेच विचारलं, "पाय परत येतील?"

"पू हटला आणि दाब गेला तर येतील. आज नक्की सांगता येत नाही." मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं. "मध्ये कुणी पाठ तुडवली का? चोळली का?"

मालक पंख्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं. आत्ती पुढं झाली, पदर सावरला आणि म्हणाली, "लाथ घातली. माझ्या भाच्यानं. मी बोलावलंतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, लाथेनं क्षय होत नाही. मणका आधीपासून पोखरला होता. पण पोखरलेल्या भिंतीला कुणी लाथ घालतं का?"

ती दोघं बाहेर व्हरांड्यात गेल्यावर मालकांचा आवाज मला आत ऐकू आला. हा माणूस आईपुढं कधी मान वर करून बोलला नव्हता. "आई, माझ्या बायकोचे पाय घेतलीस तू."

मला दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या दिवसानंतर आत्ती तिकडं आली नाही. घरनं डबा यायचा. त्यातली भाकरी तिच्या हातची असायची, कडा जराशा जाड, ते मला पहिल्या घासाला कळायचं. पण ती स्वतः यायची नाही. गल्लीत आम्ही 'मणका सरकलाय' असं सांगितलं होतं. क्षयाच्या घरची भाकरी कोण घेणार? हाडातला क्षय श्वासानं पसरत नाही आणि माझी छाती साफ आहे, असं डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं. पण गल्लीला कोण समजावणार? माझ्या जागी आत्ती या वयात चुलीपुढं बसून थापत होती.

मला थापलं

पाठ हलू नये म्हणून मला प्लास्टरच्या साच्यात निजवायचं ठरलं. पालथी झोपवली आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या मानेपासून मांड्यांपर्यंत थरावर थर अंथरून हातानं चोपायला लागले. जन्मभर मी भाकरी थापली, आता मला थापत होते. मी म्हटलं, "कडा पातळ ठेवा हो, नाहीतर कच्च्या राहतात." थापणारा गडी असा हसला की त्याला थांबावं लागलं.

प्लास्टर वाळल्यावर तो साचा उताणा ठेवला आणि मला त्यात ठेवलं. मडक्यात भात ठेवावा तशी मी त्यात मावले बघा बरोबर. रोज एक सुई, मुठीएवढ्या गोळ्या, आणि वर छत. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. छतावर एक पाल होती. तिचा आणि माझा दिनक्रम सारखाच, फक्त ती अधूनमधून हलायची.

दुखण्यापेक्षा खाजेनं जीव घेतला. साच्याच्या आत खाज सुटली की देव आठवायचा. शिकाऊ नर्स पद्मा, मागवाल्यांच्या घरची तेलुगू पोरगी, हिनं खराट्याची एक हीर काढून स्वच्छ धुऊन, टोकाला कापूस गुंडाळून मला दिली. "अक्का, हळू हां. कातडं फाटलं तर जखम होते, आणि निजलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही." ती हीर म्हणजे माझं राज्य. मी ती उशाखाली ठेवायची आणि कुणाला द्यायची नाही.

कातड्याचा एवढा विचार मी आधी कधी केला नव्हता. पद्मा रोज चार जणींकडनं मला तशीच सरळ उचलून घ्यायची, पाठ पुसायची, स्पिरिट लावायची, पावडर मारायची आणि कुठं लाल झालंय का ते वाकून वाकून बघायची. "अक्का, सगळ्या अंगावर एकच कपडा दिलाय देवानं, तो जपायला पाहिजे," म्हणायची.

पाव्हणा

माझ्या खाटेसमोर नर्सांच्या शिकवणीची खोली होती. दार उघडं असलं की आत हुकाला टांगलेला हाडांचा सांगाडा दिसायचा. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की बसवून मातीत पुरतात. पुढं खाली काय होतं ते बघायला कोण जातंय? आणि आमच्या घरात मटण म्हणजे नावसुद्धा घ्यायचं नाही. त्यामुळं हाड म्हणून मी जन्मात पहिल्यांदा बघितलं ते याचं. पहिल्या दिवशी मी डोळे गच्च मिटले. दुसऱ्या दिवशी एक डोळा उघडला. आठवडाभरात मी त्याला पाव्हणा म्हणायला लागले. सारखा दात काढून हसणारा, कधी न जेवणारा पाव्हणा कुणाला नको असतो?

पद्माची परीक्षा होती. ती पाव्हण्याच्या हाडांची इंग्रजी नावं माझ्या खाटेशी उभी राहून घोकायची, आणि मी तिला आपली नावं सांगायची. खांद्याचा फरा, बरगड्या, नडगी, घोटा. माकडहाडाला मी माकडहाड म्हटलं तर ती हसून हसून लाल झाली. एकदा मी तिला विचारलं, "खरं सांग, हे एवढं कोरडं लाकूड, हे परत कसं भरून येणार गं?"

"अक्का, पाव्हण्याचं हाड मेलेलं आहे. तुमचं ओलं आहे, त्यात रक्त फिरतंय."

मला काही पटेना. तेवढ्यात वॉर्डातली आया, धुरपदामावशी, फरशी पुसता पुसता थांबली. वेळापूरकडची धनगर बाई, मेंढरांत वाढलेली. "आवो बाई, तुमी नळी कवा चोखली न्हाय व्हय? आत लोण्यावानी असतंय की! आन् कोकराचा पाय मोडला की आमी बांबूच्या कामट्या बांधतो. म्हैन्याभरात उड्या मारतंय. म्येलेलं हाड जुळलं असतं व्हय?"

नळीचं ऐकून मी पदर नाकाला लावला. पण कोकरू मात्र मनात राहिलं. दुपारी वॉर्ड शांत झाला की मी डोळे मिटून त्या दबलेल्या मणक्याला म्हणायची, "बाबा रे, तूही कोकराचाच आहेस असं समज."

टाचणी

रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा. पायाला टोचलं की सांगा." मी मिटायची. काही कळायचं नाही. ते टाचणी खिशात घालून पुढच्या खाटेकडं जायचे.

एका सकाळी मी ठरवलं, आज काही झालं तरी 'टोचतंय' म्हणायचं. त्यांच्या बाहीची सळसळ ऐकली आणि म्हटलं, "टोचतंय!"

"कुठल्या पायाला?"

"उजव्या. अंगठ्याला."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "टाचणी अजून माझ्या खिशात आहे."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, चांगली मोठ्यानं हसले. मग ते गेल्यावर पदर तोंडावर ओढून खूप रडले. पाय दिसत होते, बोटं दिसत होती, नखं वाढत होती ती पद्मा कापायची. सगळं माझंच, आणि एकही माझं ऐकत नव्हतं. मालक आले तर मी त्यांना म्हटलं, "आत्तीला घेऊन या." ते म्हणाले, "बोलावलं मी. ती म्हणते, कोणत्या तोंडानं येऊ?"

मावशीची गाठ

मी पायाळू आहे हे धुरपदामावशीला कळलं आणि तिनं बादली खाली ठेवली. "मग इतके दिस बोलला न्हाय? माझी कंबर जाम झालीया की!"

"मावशी, माझा पाय आता पाय राहिला नाही. मेलाय तो."

तिनं माझा तळवा हातात घेतला. "म्येलेला थंड असतोय. ह्यो तर ऊन हाय. तुमी लावू नगा, मीच लावून घेती."

आणि खरंच, त्या दिवसापासून फरशी पुसून झाली की मावशी खाटेच्या पायथ्याशी बसायची, माझ्या उजव्या तळव्याला आपली पाठ टेकवायची आणि डोळे मिटायची. "लई ग्वाड वाटतंय बघा." मला काहीच वाटायचं नाही. पण कुणाला तरी माझ्या पायाचा उपयोग होतोय, एवढ्यावर दिवस बरा जायचा. बाकीच्या बायका हसायच्या. हसू देत.

असंच एका दुपारी ती टेकून बसली होती आणि मी आमटीवरून बडबडत होते. पाण्यात डाळ शोधायला पाणबुड्या आणावा लागेल, असं काही तरी. बोलता बोलता मध्येच थांबले आणि म्हटलं, "मावशी, पदराला मागं काय बांधलंय? टोचतंय मला."

"तंबाखूची गाठ हाय," ती म्हणाली. आणि मग ताडकन उठली. "तुमास्नी कसं कळलं?"

मग मावशीनं अशी आरोळी ठोकली की पद्मा धावत आली, पद्मामागं बाकीच्या पोरी आल्या, आणि शेवटी डॉक्टर. मी त्यांना म्हटलं, "आधी खिशातनं टाचणी काढून दाखवा, मग मी डोळे मिटते."

त्यांनी दाखवली. मी मिटले. जरा वेळानं अंगठ्याजवळ असं काही बसलं की मी किंचाळले, "आई आई गं!" टाचणी टोचल्यावर एवढ्या आनंदानं ओरडलेली बाई त्यांनी कधी बघितली नसेल. मावशी पदराची गाठ सोडून सगळ्यांना तंबाखू वाटायला निघाली. डॉक्टरांनी सुद्धा चिमूटभर घेतली. खाल्ली नाही, पण घेतली.

मालकांनी घरी जाऊन सांगितलं. ऐकून आत्ती देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, असं ते म्हणाले.

उंबरा

पुढं बरेच महिने गेले. संवेदना आली, मग बोटं हलली, मग गुडघे. साच्यातनं बाहेर काढलं तेव्हा पाठीचं कातडं शेंगदाण्याच्या फोलपटासारखं निघत होतं, आणि खाली नवं, लहान मुलासारखं. कमरेला चामडी पट्टा बांधून, पद्माच्या खांद्यावर हात ठेवून चालायला शिकले. नव्या फोटोत दबलेला मणका शेजारच्या मणक्याला जुळून दगडासारखा झाला होता. निघताना मी पाव्हण्याला नमस्कार केला. हीर तेवढी सोबत आणली.

टांगा दारात थांबला तेव्हा गल्ली जमली होती. आत्ती आत चुलीपुढं होती. मी आत गेले तर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, पायांकडं बघितलं. उंबरा ओलांडला, ओटा ओलांडला, चुलीपर्यंत आले, तिथवर तिची नजर पायांवरच. मग म्हणाली, "बस. भाकरी गरम हाय." एवढंच.

घरात आम्ही दोघी बोलायचो, पण चटणीपुरतं, मिठापुरतं. माझ्याजवळनं जाताना ती अंग चोरून जायची. बसप्पा एकदा ज्वारीचं पोतं घेऊन आला आणि ते ठेवून पळाला. मी हाक मारली, "भावजी, हुग्गी खाऊन जा की!" तो वळून सुद्धा बघेना.

आता माझ्या दारात उसण घेऊन कुणी आलं की मी आधी चौकशी करते. संध्याकाळी ताप येतो का? अंग झडलंय का? पायाला मुंग्या? एकाला जरी 'व्हय' म्हटलं, तर आधी फोटो, मग माझा पाय. आणि लाथ तर नाहीच, नुसता टेकवते. लोकांना हे आवडत नाही. लाथेत जोर पाहिजे म्हणतात. म्हणू देत.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी आत्ती चुलीपासून उठायला गेली आणि अर्ध्यातच अडकली. कण्हत कण्हत वीट तापत ठेवायला लागली. मी काही ऐकलं नाही, मालकांबरोबर तिला फोटो काढायला पाठवलं. सगळे मणके चौकोनी, स्वच्छ. वयाची पाठ आणि साधी उसण.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आत्ती, उंबऱ्यावर बसा."

"नको गं."

"पाप लागतंय म्हणून?"

"पापाचं मरू दे," ती म्हणाली. "तुझ्या पायाला काय झालं तर?"

मला वाटलं होतं ती शिव शिव म्हणेल. मी तिचा दंड धरला आणि तिला उंबऱ्यावर बसवलं. भिंतीला धरून उभी राहिले आणि उजवा पाय उचलून तिच्या पाठीवर ठेवला. इरकली लुगड्याचा खरखरीत पदर, खाली चोळी, खाली सैल पडलेलं कातडं, आणि त्याच्याखाली मणके. एकाखाली एक, शेंगेतल्या दाण्यांसारखे. सगळं तळव्याला लागत होतं.

"महादेवी," ती म्हणाली, "तुला कळतंय न्हवं? माझी पाठ?"

"कळतंय की, आत्ती."

तिचं तोंड रस्त्याकडं होतं, मला दिसत नव्हतं. ती रडत होती, ते मला पायानं कळलं.